जमिनीपासून सहा इंच वर

मावळात कार्ल्याच्या डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला आतून सागवानी फासळ्या आहेत. लेणं कोरलं गेलं त्या काळातल्या, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बाहेर लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस दर वर्षी हजारो मिलिमीटर कोसळतो, चार महिने डोंगर धुक्यात बुडालेला असतो, तरी आत ते लाकूड आपल्या जागी आहे. त्याच्या टिकण्याची कारणं साधी आहेत. डोक्यावर अखंड खडक असल्यामुळे पाऊस थेट अंगावर येत नाही. समोरची भव्य कमान उघडी असल्यामुळे आत हवा खेळती राहते. आणि मातीशी संबंध नसल्यामुळे खालून ओल चढत नाही, वाळवीला वाट मिळत नाही.

आता त्याच भागातल्या एखाद्या चालू बांधकामावर जून महिन्यात जाऊन पाहावं. मुरुमाच्या ढिगाऱ्याशेजारी, थेट जमिनीवर, सागाच्या चौकटी एकावर एक टाकलेल्या असतात. वरून काळं प्लास्टिक, त्यावर चार विटा. प्लास्टिकचा एक कोपरा वाऱ्याने उडालेला, तिथून पाणी आत गेलेलं आणि खाली साचलेलं. सर्वांत खालच्या चौकटीचा पाय चिखलात. महिन्याभराने त्याच चौकटी भिंतीत बसतात, दिवाळीच्या सुमारास दारं लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरमालक तक्रार करू लागतो की दाराला फट पडली, चौकट पिळली, कडी जुळत नाही. दोष सागाला दिला जातो, सुताराला दिला जातो. ज्या तीन-चार आठवड्यांत ते लाकूड उघड्यावर पडून होतं, त्यांची आठवण कोणालाच नसते.

बांधकामावर सिमेंटची काळजी सगळे घेतात. पोती फळ्यांवर रचायची, भिंतीपासून दूर ठेवायची, थर दहाच्या वर जाऊ द्यायचा नाही, आधी आलेलं आधी वापरायचं, हे गवंड्यापासून सुपरवायझरपर्यंत सर्वांना पाठ असतं. लाकूड घनफुटाला काही हजार रुपये मोजून आणलेलं असतं, तयार व्हायला अनेक वर्षं लागलेली असतात, आणि त्याला मात्र साइटवर हक्काची जागा नसते. ते का बिघडतं आणि न बिघडण्यासाठी काय करावं लागतं, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यासाठी लागणारा खर्च अगदी थोडा आहे आणि न केल्यास होणारं नुकसान कायमचं आहे.

लाकडातल्या पाण्याचा हिशोब

झाड उभं असतं तेव्हा त्याच्यात भरपूर पाणी असतं. लाकडाची आतली रचना बारीक पोकळ काड्यांच्या जुडीसारखी असते. पाणी या पोकळ्यांमध्ये असतं आणि त्यांच्या भिंतींमध्येही मुरलेलं असतं. झाड कापल्यावर आधी पोकळ्यांतलं पाणी जातं. तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, त्याच्या मापात फरक पडत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि तिथून लाकूड आखडायला सुरुवात होते. इथे टक्के मोजायची पद्धत अशी : पूर्ण कोरडं केल्यावर १०० किलो भरणाऱ्या लाकडात १२ किलो पाणी असेल, तर ओलावा १२ टक्के.

हे आखडणं सगळ्या दिशांनी सारखं नसतं. लांबीत ते जवळजवळ नसतंच. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडं असतं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून फळी वाळताना नुसती अरुंद होत नाही, तिचा पन्हाळा होतो, ती पिळते, टोकांना तडकते. साग हे या बाबतीत सर्वांत गुणी लाकडांपैकी एक आहे, पण तेही यातून सुटत नाही. वलयांच्या कडेने ओलावा एका टक्क्याने बदलला की सागाच्या रुंदीत सुमारे ०.२ टक्के फरक पडतो. ३०० मिलिमीटर रुंदीची फळी १८ टक्के ओलाव्याला बसवली आणि ती पुढे १० टक्क्यांवर आली, तर जवळपास ५ मिलिमीटरने आखडते. दाराच्या दिल्ह्यात ५ मिलिमीटर म्हणजे करंगळीचं नख जाईल एवढी फट.

लाकूड ज्या हवेत राहतं, त्या हवेशी ते जुळवून घेतं. हवा दमट झाली की पाणी शोषतं, कोरडी झाली की सोडतं, आणि हे ते आयुष्यभर करत राहतं. महाराष्ट्रात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण आपल्या एकाच राज्यात हवेची दोन टोकं आहेत. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथल्या हवेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या पातळ फळीचा ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतो. तीच फळी जुलैत रत्नागिरीच्या हवेत ठेवली तर काही आठवड्यांत १८ टक्क्यांच्या आसपास चढते, आणि त्यासाठी पावसाचा एक थेंबही अंगावर पडावा लागत नाही. भारतीय मानकांनी देशाचे हवेच्या दमटपणानुसार विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणत्या कामासाठी लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवून दिलं आहे ते यासाठीच. कोरड्या प्रदेशात दार-खिडक्यांचं लाकूड अधिक वाळलेलं लागतं, किनाऱ्यावर थोडा जास्त ओलावा चालतो. लाकूड अतिकोरडं असणंही चुकीचंच, कारण ते पुढे फुगतं. ज्या घरात ते राहणार, त्या घराच्या हवेजोगं ते हवं.

ओलाव्याचा दुसरा उंबरठा २० टक्क्यांचा आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला यापेक्षा जास्त ओलावा लागतो. लाकूड सतत २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ते कुजत नाही, मग ते दहा वर्षांचं असो की कार्ल्याइतकं जुनं.

जंगलातून साइटपर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग बल्लारशाच्या डेपोंमध्ये येतो, तिथे लिलाव होतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथलाच साग गेला. पण शहरांतल्या बहुतेक घरांत बसणारं लाकूड आता दुरून येतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर वृक्षतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक निर्बंध आले, आणि परदेशी लाकडाचा ओघ वाढला. आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग, मलेशियाकडून येणारं आणि बाजारात ‘मलेशियन साल’ म्हणून ओळखलं जाणारं लाकूड, न्यूझीलंडचा पाइन, हे सगळं मोठ्या प्रमाणात गुजरातच्या कांडला बंदरात उतरतं. गांधीधामच्या गिरण्यांत कापून ते पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, मुंबईच्या रे रोडच्या वखारींत आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोचतं.

लागवडीचा साग लवकर कापला जातो. त्यात मधला तपकिरी, टणक गाभा कमी असतो आणि बाहेरचा पांढरट भाग जास्त. सागाची कीर्ती त्याच्या गाभ्यामुळे आहे. वाळवीला आणि बुरशीला नकोशी असणारी नैसर्गिक द्रव्यं गाभ्यात असतात. पांढऱ्या भागात ती नसतात, उलट स्टार्च असतो, आणि भुंग्याची अळी तोच खायला येते. ‘साग आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य जुन्या वाड्यांच्या सागाला लागू होतं. आजच्या चौकटीत पांढरा पट्टा दिसत असेल तर तिला आजोबांच्या चौकटीपेक्षा जास्त जपावं लागेल.

चांगल्या वखारीत लाकूड महिनोन्‌महिने हवेवर वाळवतात किंवा भट्टीत तापमान आणि दमटपणा सांभाळून काही दिवसांपासून काही आठवड्यांत वाळवतात. त्यासाठी जागा लागते, भांडवल अडकतं, इंधन जळतं. ही सगळी मेहनत ट्रक साइटच्या फाटकातून आत येईपर्यंत टिकते. पुढे ती टिकवायची की एका रात्रीच्या पावसात घालवायची, हे साइटवर ठरतं.

माल उतरताना

माल उतरतो त्या तासाभरात निम्मं काम व्हायला हवं. पहिली गोष्ट म्हणजे ओलावा मोजणं. दोन टोकदार सुया लाकडात टोचून वाचता येणारं ओलावामापक यंत्र आता काही हजार रुपयांत मिळतं. साधारण ७ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान ते भरवशाचे आकडे दाखवतं. लाकडाच्या जातीनुसार थोडी दुरुस्ती करावी लागते. सुया टोकाला टोचायच्या नाहीत, कारण टोकं आधी वाळलेली असतात. फळीच्या मध्यावर, टोकापासून फूट-दीड फूट आत, आणि दहा-बारा नगांवर मोजायचं. आकडा चौकटीला योग्य नसेल तर माल परत पाठवायची वेळ तीच असते. भिंतीत बसल्यानंतर वखारवाल्याशी भांडून उपयोग नसतो.

यंत्र नसेल तर सुताराचा हात आणि कान उपयोगी पडतात. ओलं लाकूड हाताला थंड आणि जड लागतं, ठोकलं की बसका आवाज येतो, आणि रंधा मारला की त्याची साल कुरकुरीत निघत नाही. वजनाचाही अंदाज घेता येतो. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलोच्या आसपास भरतो. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद दाराची चार बाय अडीच इंची चौकट म्हणजे सव्वा घनफूट लाकूड. ती कोरडी असेल तर २२-२३ किलो भरायला हवी. तिशीच्या पुढे गेली तर पाण्याचे पैसे मोजले गेले आहेत.

लाकूड वाहणाऱ्यांचाही विचार इथे करायला हवा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला तो बाजारपेठांतल्या अशाच हमालांसाठी. वखारीतला हमाल डोक्यावर चुंबळ ठेवून लांब वासा तोलतो तेव्हा त्यामागे कसब असतं. साइटवर मात्र जो हाताशी असेल त्याला खांद्यावर फळ्या देतात. लांब लाकूड एकट्याने उचलू नये, दोघांनी एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यावं, पुढच्याने वळताना आवाज द्यावा, आणि टाकताना दोघांनी मिळून खाली ठेवावं. ट्रकवरून फळ्या ढकलून देण्याची सवय दोन्हीकडून घात करते. माणसाच्या पायावर पडते, आणि लाकडाच्या कडा-कोपरे फुटतात, आत बारीक चिरा जातात. त्या चिरा दिसतात पॉलिश झाल्यावर.

थप्पी कशी रचावी

राष्ट्रीय इमारत संहितेने साइटवरच्या लाकडाच्या साठवणीबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत, आणि त्या वखारवाल्यांच्या जुन्या पद्धतीशी तंतोतंत जुळतात. लाकूड जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, उंच ठेवावं. खाली विटांचे खांब किंवा जाड ओंडके एका पातळीत मांडावेत. पातळी सुताने तपासावी, कारण खालचा आधार वाकडा असेल तर वरची प्रत्येक फळी तोच वाक घेऊन वाळते.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत सागवानी खांब जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा करत. खांब आणि माती यांच्यात दगड आला की ओल वर चढत नाही, वाळवीही सहज चढत नाही आणि चढली तर डोळ्याला दिसते. सहा इंचांच्या नियमामागे हेच शहाणपण आहे.

थर रचताना सारख्या लांबीची लाकडं एकत्र घ्यावीत. लांब खाली, आखूड वर. प्रत्येक थरात शेजारच्या दोन फळ्यांत साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, अंतर ठेवावं. दोन थरांच्या मध्ये आडव्या पट्ट्या द्याव्यात. या पट्ट्या सरळ, कोरड्या आणि एकाच जाडीच्या हव्यात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात हव्यात. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली की वजन सरळ खाली जातं. मागेपुढे झाली की मधली फळी वाकते. पट्ट्यांतलं अंतर पातळ फळीला दीड-दोन फूट, जाड वाशाला त्याहून थोडं जास्त चालतं. थप्पी दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंचीच्या पुढे नेऊ नये. सर्वांत वर जड लाकूड किंवा लोखंड ठेवावं, म्हणजे वरच्या थराला पीळ पडत नाही. दोन थप्प्यांच्या मध्ये माणूस आत जाऊन पाहू शकेल एवढी वाट हवी, कारण वाळवीची मातीची नळी रोज पाहिली तरच वेळेत सापडते.

टोकांची काळजी वेगळी घ्यावी लागते. लाकडातलं पाणी आडव्या दिशेपेक्षा लांबीच्या दिशेने कितीतरी वेगाने बाहेर पडतं. त्यामुळे टोकं आधी वाळतात, आधी आखडतात आणि फाटतात. लाकूड बरेच महिने राहणार असेल तर टोकांना डांबर, मेण किंवा जाड तैलरंग लावावा. दहा मिनिटांच्या या कामामुळे प्रत्येक फळीमागे कापून टाकावे लागणारे चार-सहा इंच वाचतात.

झाकण आणि वारा

लाकडावर छत हवं, पण त्याला गुंडाळून टाकायचं नाही. ही गोष्ट साइटवर सर्वांत जास्त चुकते. प्लास्टिक थप्पीभोवती जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळलं की दिवसा उन्हात आत वाफ धरते, रात्री ती प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन लाकडावर पडते. जमिनीची ओलही आत कोंडते. चार-आठ दिवसांत लाकडावर करडे-काळे बुरशीचे डाग येतात. पांढऱ्या भागात निळसर छटा उतरते ती रंध्याने जात नाही.

योग्य पद्धत म्हणजे थप्पीच्या वर हातभर उंचीवर पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं उतरतं छत, चारी बाजूंनी दीड-दोन फूट बाहेर आलेलं. बाजू उघड्या. वाऱ्याच्या दिशेने पावसाची झड येत असेल तर त्या बाजूला तात्पुरता पडदा, पाऊस थांबला की वर गुंडाळलेला. खालच्या जमिनीला उतार आणि भोवती चर, म्हणजे पाणी थप्पीखाली शिरत नाही. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात धोका उलटा असतो. तिथे दुपारचं ऊन आणि झळांचा वारा एका बाजूने लागून फळी फाटते. तिथे सावली आणि वाऱ्याकडची आड महत्त्वाची.

स्लॅब पडलेला मजला असेल तर लाकूड आत घ्यावं असं सगळ्यांना वाटतं. ते बरोबरही आहे, पण ताजं प्लास्टर झालेल्या खोलीत नको. सिमेंटच्या एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी कालवताना लागतं, वर आठ-दहा दिवस भिंतींवर पाणी मारलं जातं. हे पाणी पुढे कित्येक आठवडे खोलीच्या हवेत येत राहतं. खिडक्या बंद असतील तर ती खोली कोकणातल्या श्रावणाइतकी दमट असते. भिंती वाळलेल्या, खिडक्यांतून हवा वाहणारी, वर गळत नसलेली खोली निवडावी, आणि तिथेही फरशीपासून सहा इंचांचा नियम पाळावा.

चौकटीचे दिवस

मराठी घरात मुख्य दाराची चौकट बसते त्या दिवशी हळद-कुंकू वाहून पूजा होते, नारळ फुटतो. तो मान तिला मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर तिची जी आबाळ होते, ती थांबायला हवी.

वखारीतून किंवा सुताराच्या शेडमधून चौकट निघते तेव्हा तिच्या खालच्या दोन पायांना जोडणारी पट्टी आणि कोपऱ्यांतले तिरके आधार ठोकलेले असावेत. ते नसतील तर वाहतुकीत सांधे सैल होतात आणि चौकट गुण्यात राहत नाही. लाकडी प्रायमरचा हात साइटवर येण्याआधीच द्यावा, आणि भिंतीला लागणाऱ्या बाजूला डांबराचा. विटांची आणि चुना-सिमेंटची ओल लाकडात शिरू नये म्हणून हे असतं. चौकटी उभ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. त्या आडव्या, सपाट, मध्ये पट्ट्या देऊन रचाव्यात.

खरा प्रश्न वेळेचा आहे. पूर्वापार पद्धतीत चौकट आधी उभी करतात आणि भिंत तिच्याभोवती चढते. चौकट भिंतीत धरणारे लोखंडी होल्डफास्ट मजबूत बसतात, पण मग भिंतीवर मारलेलं प्रत्येक बादली पाणी, प्लास्टरचा प्रत्येक थर चौकटीच्या अंगावरून जातो. ढकलगाड्या तिला घासतात, गवंडी तिच्यावर परांचीची फळी टेकवतो. ही पद्धत वापरायची तर चौकटीला प्लास्टिक आणि पातळ प्लायच्या पट्ट्या लावून कडा झाकाव्यात, मधला आडवा आधार भिंत पूर्ण होईपर्यंत काढू नये, आणि पाय ओल्या कोब्यात उभे राहू देऊ नयेत. दुसरी पद्धत म्हणजे भिंतीत जागा सोडून, प्लास्टर वाळल्यावर चौकट बसवणं. तिला माप अचूक लागतं आणि शिस्त लागते, पण लाकूड वाचतं. जिथे शक्य असेल तिथे हीच निवडावी.

दारं तर सर्वांत शेवटी आणावीत. फरशी झाली, रंगाचा पहिला हात झाला, खिडक्यांना काचा लागल्या, मग. आणली की लगेच लावू नयेत. काही दिवस त्याच घरात, आडवी, पट्ट्यांवर ठेवून त्यांना तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी. फ्लश दार भिंतीला तिरकं टेकवलं की आठवड्यात धनुष्य होतं. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग किंवा पॉलिश लावावं. त्या कडा कोणाला दिसत नाहीत, म्हणून कोणी रंगवत नाही, आणि पाणी तिथूनच आत जातं.

प्लाय आणि सेंट्रिंग

आज शहरातल्या घरात सागापेक्षा प्लाय जास्त असतो. ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून तो गच्चीवर टाकून ठेवणारे अनेक. हा समज घातक आहे. मरीन प्लायचं मानक त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतं, पण तो कस आतल्या डिंकाचा असतो. थर सुटत नाहीत. लाकूड मात्र लाकडासारखंच फुगतं, आणि कडांतून भराभर पाणी पितं. बाजारात ज्याला एमआर म्हणतात तो साधा प्लाय तर घरातल्या कोरड्या कामासाठीच असतो, पावसात तो थरांनी सुटतो.

आठ बाय चारचं १८-१९ मिलिमीटरचं पान तीस-पस्तीस किलोंचं असतं. ते दोघांनी उभं धरून न्यावं, कोपऱ्यावर आपटू नये. साठवताना सपाट, चारी कडा आणि कोपऱ्यांना आधार मिळेल अशा लाकडी चौकटीवर, मध्ये ठरावीक अंतरावर पट्ट्या देऊन, पानावर पान बरोबर जुळवून ठेवावं. वरच्या पानावर वजन. कापल्यावर उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगाने किंवा सीलरने बंद करावी.

साइटवर सर्वांत हलकी वागणूक मिळते ती सेंट्रिंगच्या लाकडांना. फळ्या, वासे, बल्ल्या, शटरिंग प्लाय ही ‘जाणारी’ लाकडं म्हणून गणली जातात. पण ओल्या स्लॅबचं सगळं वजन त्यांच्यावर असतं, आणि खाली माणसं असतात. कुजलेली, वाळवी लागलेली किंवा गाठीपाशी तडकलेली बल्ली टेकूला वापरली तर अपघात ठरलेला. म्हणून प्रत्येक वापरानंतर वेगळं करणं आलंच : सरळ आणि निरोगी लाकूड एका बाजूला, कापून आखूड कामाला लागेल ते दुसरीकडे, निकामी ते बाद. सिमेंटचा लगदा ओला असतानाच खरवडावा, पुन्हा वापरण्याआधी शटरिंग ऑइल लावावं.

खिळे काढून टाकणं हे सर्वांत आधीचं काम. उभे खिळे असलेल्या फळ्या साइटभर पसरलेल्या असतात आणि मजूर चपलांवर फिरत असतात. त्यातून जखम, धनुर्वाताचं इंजेक्शन, बुडालेली मजुरी. फळी निघाली की जागेवरच खिळा उपटायचा, निदान वाकवून बसवायचा, आणि मगच थप्पीला लावायची, हा नियम एका मुकादमाने एका दिवसात लागू करता येतो.

भुसा आणि कपच्या रोज उचलाव्यात. त्यांच्याशेजारी थिनर, पॉलिशचे डबे आणि विडी हे आगीचं साहित्य आहे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे, त्यामुळे सँडिंग करणाऱ्या सुताराला मास्क हवाच. आणि प्लायचे, रंगवलेल्या किंवा औषध लावलेल्या लाकडाचे तुकडे साइटवरच्या चुलीत जाता कामा नयेत. त्या धुरात जे असतं ते मजुरांची मुलं श्वासातून घेतात.

जबाबदारी कोणाची

एवढं सगळं माहीत असूनही ते घडत नाही, कारण लाकूड साइटवर कोणाचंच नसतं. माल मालकाचा किंवा ठेकेदाराचा. सुतार चौरस फुटावर मजुरी घेणारा, तो कामाच्या दिवशी येतो. थप्पी उतरते त्या दिवशी तो दुसऱ्या साइटवर असतो. राखणदाराला सिमेंट आणि सळ्यांची चोरी होऊ नये एवढंच सांगितलेलं असतं. गवंड्याला परांचीला फळी लागते, तो समोर दिसेल ती घेतो. मग सागाची तयार फळी दोन दिवस गवंड्याच्या पायाखाली राहते आणि सिमेंटने माखून परत येते.

उपाय कागदावर एका ओळीचा आहे. ठेकेदाराशी करार करताना त्यात लाकडाचा ओलावा किती असावा, तो कोण मोजणार आणि साठवणीची जबाबदारी कोणाची हे लिहावं. ज्याचं नाव लिहिलं, त्याने माल उतरताना हजर राहावं आणि रोज एक फेरी मारावी. शेडसाठी पत्रे, वीस-पंचवीस विटा, मूठभर पट्ट्या आणि डांबराचा एक डबा, एवढ्या साहित्याची किंमत एका चौकटीच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि सुताराला माल येण्याच्या दिवशी बोलावून त्या दिवसाची मजुरी द्यावी. लाकूड पाहून ते कसं ठेवायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, पण त्याला विचारलंच जात नाही.

हा प्रश्न फक्त फटींचा आणि कुरकुरणाऱ्या दारांचा नाही. चंद्रपूरच्या जंगलात सागाचं झाड दार देण्याजोगं व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात. साइटवर चिखलात कुजलेल्या प्रत्येक चौकटीच्या जागी दुसरी चौकट लागते, म्हणजे आणखी एक झाड लागतं. लाकूड जपणं हे झाड जपण्याचंच पुढचं पाऊल आहे.

या दिवाळीनंतर ज्यांच्या घराचं काम सुरू होणार आहे, त्यांना एवढीच विनंती. लाकडाचा ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जा. छत घातलं आहे का, खाली विटांचे खांब एका पातळीत मांडले आहेत का, ते पाहा. नसतील तर ते होईपर्यंत ट्रक बोलावू नका.